एका अंगात दोन दुखणी

‘आमची पोरगी कातडीची डॉक्टर आहे,’ असं माझे वडील साताऱ्यात सगळ्यांना सांगायचे. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त अर्धं होतं. सांगलीच्या ज्या सरकारी दवाखान्यात मी नोकरीला लागले, तिथल्या आमच्या विभागाच्या पाटीवर ‘त्वचारोग’च्या खाली ‘व गुप्तरोग’ असंही लिहिलेलं होतं, आणि ती पाटी पाहून वडिलांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. आई त्यांच्याहून धीट. ती म्हणाली, “दुखणं आहे म्हणजे डॉक्टर लागणारच. आपल्या पोरीनं बघितलं म्हणून ते काय वाढणार आहे का?” वडिलांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि विषय तेवढ्यापुरता मिटला.

माझ्या तोंडाचा पट्टा लहानपणापासून चालूच. आमच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना मी इथं नुसतं सर म्हणते, ते बरोबर माझ्या उलटे. पन्नाशी ओलांडलेले, हळू बोलणारे. रोग्याच्या अंगावरून नजर फिरवायला इतका वेळ लावायचे की बाहेरच्या रांगेत माणसं कुरकुरायची. त्यांचं एक पालुपद होतं, “एक रोग सापडला की डॉक्टरचे डोळे मिटतात. मिटू द्यायचे नाहीत.” मी मनात म्हणायची, यांना घरी जायची घाई नाही, म्हणून आम्हालाही नाही. ते वाक्य मला पुढं किती उपयोगी पडलं, हे सांगायलाच मी लिहायला बसले आहे.

सत्तरच्या दशकाचा मध्य होता. देवीचा रोग देशातून कायमचा घालवायची मोहीम अगदी शेवटाला आली होती. दवाखान्याच्या भिंतीवर, एस. टी. स्टँडवर, शाळेत, जिथं बघाल तिथं फोड आलेल्या पोराचं चित्र लावलेलं. असे फोड कुणाच्या अंगावर दिसले की ताबडतोब कळवायचं, असा हुकूम होता.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी आटपाडीकडून एक जीप आली. मागं गोधडीवर एक पंचविशीतला गडी पडलेला, उशाला म्हातारी आई, पायाशी डोक्यावर पदर घेतलेली बायको. गड्याच्या अंगावर जागा शिल्लक नव्हती, कपाळापासून पोटरीपर्यंत फोड. आमचा स्ट्रेचरवाला जीपपाशी गेला, एकदा आत डोकावला आणि ‘देवी’ म्हणून जो मागं सरला, तो दुपारपर्यंत दिसला नाही. शेवटी रोग्याला आवाराच्या टोकाच्या वेगळ्या खोलीत नेलं. मला देवीची लस टोचलेली होती, दंडावर वण होता, त्यामुळं आत जायचं काम माझ्याकडं आलं. 

गडी ग्लानीत होता. रक्तदाब लागता लागेना. सारख्या उलट्या, जीभ कोरडी. चेहरा मात्र गोल गरगरीत आणि हातपाय काटक्या. हे काय कोडं, म्हणून मी म्हातारीला विचारलं, आधी काही दुखणं होतं का.

मेंढरं राखणारं घर त्यांचं. घरातून पलटणीत गेलेला हा पहिलाच. काही महिन्यांपूर्वी तिथं त्याच्या अंगाला सूज आली, लघवीतून प्रथिनं जाताहेत म्हणाले, लष्करी दवाखान्यात बारक्या पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि लांब रजेवर त्याला घरी धाडलं. सूज उतरली. मग छातीच्या डाव्या अंगाला पट्ट्यानं फोड आले, आणि तिथून थोड्या दिवसांनी सगळ्या अंगावर.

“त्या पांढऱ्या गोळ्या चालू आहेत ना?” मी विचारलं.

म्हातारीनं माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू मी काही अचकट विचकट बोलले होते. “आवं, देवी घरात आल्याव गोळ्या कशा देऊ? ती पाव्हणी. तिच्याम्होरं औषिद काढायचं म्हंजी तिला हाकलल्यावानी हाय. आमी फोडणीसुदिक दिली न्हाई घरात.”

गोधडीवर कडुनिंबाचे टहाळे होते, ते मला आता दिसले. हा रिवाज मला नवा नव्हता. माझ्या भावाला कांजिण्या आल्या तेव्हा साताऱ्यात आमच्या घरीही फोडणी बंद होती आणि डॉक्टरला दार बंद होतं. भाऊ आठवड्यात उड्या मारायला लागला. पण या गड्याच्या गोळ्या स्टेरॉइडच्या होत्या. त्या महिनोन्‌महिने घेतल्या की शरीर स्वतःचं तसलं रसायन बनवायचं सोडून देतं, आणि एकदम थांबवल्या की माणूस कोसळतो. तो फोडांनी मरायला टेकला नव्हता, बंद केलेल्या गोळ्यांनी टेकला होता. मी त्याच औषधाचं इंजेक्शन शिरेतून दिलं, सलाईन लावलं आणि उभीच राहिले. दुपारी त्यानं डोळे उघडून भाकरी मागितली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

तोवर सर येऊन बघून गेले होते. छातीवर डाव्या बाजूला अजून गेरूचा लाल पट्टा होता. नागीण आली की आमच्याकडं गेरूचा लेप लावतात, तसा तो लावलेला. सरांनी तो ओल्या कापसानं हळूच पुसला. खाली दाट फोड, सगळे एकाच बाजूला, मध्यरेषेपाशी थांबलेले. बाकी अंगावरचे मात्र सुटे, काही ताजे पाण्याचे, काही खपली धरलेले.

“देवीचे फोड सगळे एका वयाचे असतात,” सर म्हणाले. “हे आजोबा-नातू एकत्र नांदताहेत. एक ताजा फोड उघड, बुडाचं खरवडून काचपट्टीवर घे.”

मी ते खरवडलं, रंगवलं आणि मायक्रोस्कोपखाली धरलं. एकेका पेशीच्या पोटात पाच-सहा केंद्रं दाटीवाटीनं बसलेली, अशा भल्या मोठ्या पेशी दिसल्या. नागीण आणि कांजिण्या यांच्या एकाच विषाणूची ती खूण, देवीत तशी दिसत नाही. स्टेरॉइडनं सूज उतरते खरी, पण शरीराचे पहारेकरीही झोपतात, आणि मग एका पट्ट्यात राहणारी नागीण सगळ्या अंगभर हिंडते. मोहिमेची माणसं जीप घेऊन आली, खपल्या तपासायला घेऊन गेली आणि पुढं त्यांचाही निकाल तोच आला. मी मात्र त्याच दिवशी खुशीत होते. निदान झालं, रोगी शुद्धीवर आला, आणखी काय पाहिजे?

दुसऱ्या दिवशी सरांनी मला पुन्हा त्या खोलीत नेलं आणि गड्याला तळहात उलटे करायला सांगितले. तळहातावर तांबूस डाग होते. तळपायावरही. मी आदल्या दिवशी ते पाहिले होते आणि फोडांच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते.

“यात पाणी कुठंय?” सर म्हणाले.

नव्हतं. सपाट होते, खाजत नव्हते, दुखत नव्हते. पलीकडच्या फोडांशी त्यांचं काही नातं दिसत नव्हतं.

“पहारेकरी झोपलेले असताना एकच चोर शिरतो असं कुणी सांगितलं तुला?” एवढंच बोलून सर पुढच्या वॉर्डात गेले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण रक्त काढून गरमीच्या तपासणीला पाठवलं. आता तिला सिफिलिस म्हणतात, तेव्हा गावात गरमीच म्हणायचे. तपासणी सकारात्मक आली.

इथं खरं घोडं पेंड खात होतं. ती तपासणी फसवी होती. अंगात एखादा विषाणू धुमाकूळ घालत असला की गरमी नसतानाही ती तपासणी ‘आहे’ म्हणून सांगायची. या गड्याच्या अंगात तर नागिणीनं मांड ठोकलेली. मग हे डाग आणि हे रक्त खरं बोलतंय की नागिणीच्या नादानं खोटं? चुकून गरमी ठरवली तर संसारात विस्तव पडणार. आणि खरी असून सोडून दिली तर पुढं काय होईल, ते मला तेव्हा नीट दिसलं नव्हतं.

“त्याच्या बायकोला नागीण नाही,” सर म्हणाले. “तिचं रक्त खोटं बोलायला कारण नाही. तिचं बघ.”

बायको व्हरांड्यात बसली होती. मी तिच्याशी पहिल्यांदाच धड बोलले. तिला पाचवा महिना चालू होता, नऊवारीच्या घोळात मला दिसलाही नव्हता. आधीची किती पोरं, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, “दोन झाली. दोनी मेलेलीच झाली. एक सातव्यात, एक आठव्यात.” हे सांगताना ती नवऱ्याचं धोतर पिळत होती आणि तिचा हात थांबला नाही.

गरमी असलेल्या आईची पोरं अशीच पोटात जातात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आता समोर तिसरं होतं, जिवंत, आणि पेनिसिलिनची सुई वेळेत मिळाली तर जगणारं. कोड्याची हौस माझी तिथंच फिटली. आता एकच गोष्ट होती, हे पोर जगवायचं.

मी तिला म्हणाले, “तुमच्या नवऱ्याच्या रक्तात एक दोष दिसतोय, तुमचंही रक्त बघू या.” तिनं बाही वर केली. तेवढ्यात मागून सासूबाई आल्या.

“सुई न्हाई लावायची. देवीची पाठवणी झाल्याबिगर घरातल्या कुणाच्याबी अंगाला सुई न्हाई. पोटुशीच्या तर न्हाईच न्हाई.”

“अहो, तुमच्या मुलाला काल चार सुया टोचल्या.”

“त्यो मरत हुता. त्याची माफी मागीन मी देवीपाशी. हिची कशापायी मागू?” आणि लगेच पुढं म्हणाली, “परवा हिचा भाऊ येतोय, तिला म्हायेरी न्यायला. तिचं नशीब तिच्यापाशी. दोन खाल्ली हिनं. ह्या खेपेलाबी तसंच झालं तर तिकडंच ऱ्हाऊ दे म्हणावं. एकुलता एक ल्योक हाय माजा.”

बायको खाली बघत होती. मी मात्र पेटले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, आठवलं तरी लिहिण्यासारखं नसावं. एवढं कळत होतं, की परवा हा भाऊ तिला घेऊन आटपाडीच्या पलीकडच्या कुठल्याशा वस्तीवर गेला की ती पुन्हा आमच्या हाती लागणार नाही. माझा आवाज ऐकून सर बाहेर आले आणि मला बाजूला घेतलं.

“तू तिच्या देवीशी भांडतेस. कशाला? देवी आलेलीच नाही, हे काल तूच शोधलंस ना? मग तेच सांग की तिला.”

मी घटाघटा पाणी प्यायले आणि म्हातारीशेजारी पायरीवर जाऊन बसले. ती माझ्याकडं पाठ करून तांदूळ निवडत होती.

“आजी, छातीवर गेरू कुणी लावला होता?”

“म्या.”

“देवीवर गेरू लावतात होय?”

“छ्या. देवीवर कोण लावंल? देवीला हातबी लावत न्हाईत.”

“मग तुम्ही कसा लावला?”

“तवा ती नागीण हुती. धा गावात कुनालाबी इचारा, नागिणीचा लेप माज्या हातचाच लागतो. नागीण म्हंजी नागीणच, मला काय कळत न्हाई व्हय?”

“कळतं की. म्हणून तर विचारते. बाकीचे फोड कुठून निघाले? कपाळाकडून खाली आले का?”

तिची बोटं तांदळात थांबली. “न्हाई. त्या लेपाच्या कडंनंच निगालं. मग पाठीव. मग वर.” तिनं ताटातला एक खडा उचलून टाकला. “म्हंजी नागीणच पसरली म्हनता.”

“मायक्रोस्कोपमध्ये तीच दिसली. देवी नव्हतीच.”

“आन्‌ नागिणीला औषिद चालतं,” ती स्वतःशीच म्हणाली. मग एकदम माझ्याकडं वळली. “मग त्येच्या गोळ्या म्या उगाच बंद केल्या व्हय?”

काल मला कुणी विचारलं असतं तर मी ताडकन ‘हो’ म्हणाले असते. आज तिच्या डोळ्यांकडं बघून जीभ वळेना. “तुम्ही त्याला जीपमध्ये घालून आणलंत, म्हणून तो वाचला,” मी म्हणाले, आणि तेही खरंच होतं. तिनं ताट बाजूला ठेवलं, सुनेला हाक मारली आणि म्हणाली, “दे गं रक्त. देवी न्हवती.”

सुनेचं रक्त आलं. त्यात काही शंका घ्यायला जागाच नव्हती. खोटं बोलणारं रक्त पातळ केलं की गप्प होतं, हे कितीही पट पातळ केलं तरी तपासणी ‘आहे’ म्हणून सांगत होती. मग नवऱ्याचंही तसंच पातळ करून पाहिलं, तेही तसंच. नागीणही खरी आणि गरमीही खरी. एका अंगात दोन दुखणी, एकीच्या आड दुसरी लपलेली. सरांचा तर आणखी एक संशय होता, की मूळची सूजही या गरमीनंच आणली असावी, कारण ती कधी कधी मूत्रपिंडालाही धरते. त्याची खात्री मला आजही देता येणार नाही. पेनिसिलिननंतर गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या आणि सूज परत आली नाही, एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

आता गड्याशी बोलायचं होतं. मी विषय काढला तशी त्यानं भिंतीकडं तोंड केलं. “बाईमाणसाला काय सांगू?” मी म्हणाले, “मी बाईमाणूस घरी गेल्यावर. इथं डॉक्टर आहे.” तरी पठ्ठ्या ताकास तूर लागू देईना. शेवटी सर आत गेले आणि मी बाहेर थांबले. लग्नाला थोडेच दिवस झालेले असताना, बदलीच्या गावी, पलटणीतल्या जोडीदारांच्या नादानं एका संध्याकाळी तो कुठंतरी गेला होता. नंतर एक फोड आला, दुखला नाही, आपोआप बरा झाला. पुढं अंगावर डाग आले, तेही गेले. गेले म्हणून त्यानं देवाला हात जोडले. रोग आत बसून राहिला, तो या गोळ्यांनी पहारेकरी झोपल्यावर पुन्हा वर आला.

त्यानं सरांचे पाय धरले, म्हणाला, आयेला कळू देऊ नका. सरांनी शब्द दिला. “पण बायकोला तूच सांगायचं,” ते म्हणाले. “कशाची सुई आहे ते तिला ठाऊक असल्याशिवाय मी तिला हात लावणार नाही.”

त्यानं सांगितलं. दार लोटलेलं होतं, आतून काही ऐकू आलं नाही. ती बाहेर आली, नळावर तोंड धुतलं आणि सरळ माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता ही रडणार, मी काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते.

“आता हे जगंल न्हवं?” तिनं विचारलं.

“सुया घेतल्या तर जगायला हवं.”

“मग द्या. त्येंच्याव मी मागनं चिडंन.”

मी आजवर अनेक शहाणी माणसं पाहिली. त्या वाक्याच्या तोडीचं शहाणपण थोडं पाहिलं.

पहिली सुई दोघांनाही सकाळी दिली. देण्याआधी सरांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, की दुपारनंतर दोघांना थंडी वाजून ताप येईल, डाग लाल होतील, हे जंतू मरतानाचं आहे, उद्यापर्यंत उतरेल. हे आधीच सांगणं किती मोलाचं होतं, ते दुपारी कळलं. सूनबाई तापानं फणफणली आणि पोट कडक झालं म्हणाली. मी पोटाला हात लावून बसले. पोराचे ठोके लागतात का म्हणून पुन्हा पुन्हा नळी लावत होते. सासूबाई मात्र शांतपणे कपाळावर पाण्याची पट्टी बदलत होत्या. “घाबरू नगा बाई,” त्यांनी मलाच समजावलं, “मोठ्या डाक्टरनं सांगितलं हुतं.” दुसऱ्या सकाळी ताप उतरला, आणि पोरानं आतून अशी लाथ मारली की नळी माझ्या हातात हलली.

त्याच दिवशी तिचा भाऊ आला. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडं, हातात भाकरीचं गठुडं. सुया अजून दोन आठवडे बाकी आहेत, तिला नेऊ नका, असं मी सांगायला गेले, पण तोवर सासूबाईंनी सुरू केलं होतं. सुई झाली, ताप झाला, आता न्या म्हणाल्या. आणि मग तेच जुनं. “पर सांगून ठेवते पाव्हणं. ह्या खेपेलाबी तुमची भन रिकाम्या ओटीनं आली, तर मला ल्योकाचं दुसरं बगावं लागंल. दोन पोरं गिळली हिनं.”

भाऊ बिचारा मान खाली घालून उभा. बहीण गठुड्याची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. मला सगळं ठाऊक होतं, आणि सरांच्या शब्दानं माझं तोंड शिवलेलं होतं. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प बसले नव्हते.

खोलीच्या दारात गडी येऊन उभा राहिला होता. चौकट धरून, अंगावर वाळलेल्या खपल्या.

“आये,” तो म्हणाला, “ती दोनी माज्यामुळं गेली.”

म्हातारी वळली. “काय बरळतोयस?”

“माजं दुखणं तिला लागलं. बाहीरचं दुखणं. तिच्यात खोट न्हवती. तिला काय बोलू नगंस.”

म्हातारीनं सरांकडं पाहिलं. सर हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. मग तिनं सुनेकडं पाहिलं, आणि सुनेनं पहिल्यांदाच नजर खाली घातली नाही. म्हातारी भिंतीला धरून खाली बसली. थोड्या वेळानं भावाला म्हणाली, “पाव्हणं, भाकरी खावा आन्‌ जावा तुमी. ही हितंच ऱ्हाईल माज्यापाशी. तिच्या सुया पुऱ्या व्हायच्यात.”

त्या गड्यानं आधी जे केलं त्याचं समर्थन मी करत नाही, त्याच्या बायकोनंही केलं नाही. ती म्हणाल्याप्रमाणं मागनं चिडली, आणि चांगली चिडली, असं मला पुढं कळलं. पण दारात उभं राहून आईसमोर ते वाक्य बोलायची त्याच्यावर कुणाची सक्ती नव्हती. गप्प बसला असता तरी त्याचं सगळं झाकलेलं राहिलं असतं. आमच्या विभागात पुढं इतके पुरुष आले, रोग बायकोच्या पदरात टाकून नामानिराळे झाले, त्या प्रत्येक वेळी मला तो आठवला. मी त्याची ऋणी आहे. एवढं मोठं तोंड असून जे मला सांगता येत नव्हतं, ते त्यानं सांगितलं.

बाळंतपण सांगलीतच झालं. पूर्ण दिवसांची मुलगी झाली, आणि ती रडली. सासूबाई दाराबाहेर होत्या. तो आवाज ऐकून त्या मला म्हणाल्या, “आमच्या घरात बाळातीनीच्या खोलीतनं असा आवाज आलाच न्हवता बगा.” मी पदरानं डोळे पुसले. सरांनी चष्मा पुसला.

पोरीच्या रक्ताच्या तपासणीत थोडं दिसत होतं. ते आईकडून आलेलं असावं, पोरीचं स्वतःचं नसावं, पण खात्री व्हायला वाट बघायची होती. ते कमी कमी होत गेलं पाहिजे. म्हणून दर महिन्याला पोरीला घेऊन या, असं सांगितलं, आणि मी मनात म्हटलं, आटपाडीहून तान्हं पोर घेऊन एस. टी.नं कोण येतंय. ती आली. दर महिन्याला आली, कधी नवऱ्याबरोबर, कधी सासूबरोबर. बारसं झालं का, म्हणून मी विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, “तुमी रक्त साफ हाय म्हनल्याबिगर बारसं न्हाई. पाळण्यात नाव घालायचं आन्‌ मागनं रडायचं, ते मला आता झेपत न्हाई.” शेवटी एका महिन्यात तपासणीत काहीच दिसलं नाही. मी पुन्हा करून पाहिली. नव्हतंच.

बारशाला आम्हाला बोलावणं आलं. सर आणि मी एस. टी.नं गेलो, धुळीनं माखून उतरलो. वाड्यात शेळ्या-मेंढ्या बांधलेल्या, अंगणात पाळणा, घुगऱ्यांचं पातेलं. आत्यानं पोरीच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी कुर्रर्र केलं आणि आत्याच्या पाठीवर धपाटे घातले. हसणं-खिदळणं झालं. कुणीतरी घुगऱ्या वाटायला उठली, तेव्हा म्हातारीनं हात वर केला.

“थांबा. अजून दोन हायती.”

तिनं सुनेला पाळण्यापाशी बोलावलं. मेलेल्या पोरांची नावं आमच्याकडं कुणी ठेवत नाही. त्यांना तसंच पुरतात आणि पुन्हा विषय काढत नाहीत. म्हातारीनं विचारलं, “त्या दोघांची तू काय ठेवणार हुतीस?”

सुनेनं पाळण्याची दोरी धरली. मग सासूच्या कानाशी वाकून तिनं दोन नावं सांगितली. मनात ठेवलेलीच असणार, कारण तिला आठवावं लागलं नाही. म्हातारी पाळण्यावर वाकली आणि पहिलं नाव मोठ्यानं घेतलं. काय करावं ते बायकांना सुचेना, कुणी हललं नाही. मग तिनं दुसरं नाव घेतलं. तेव्हा आत्यानं कुर्रर्र केलं, आणि तिच्यामागून सगळ्यांनी केलं.